तीन मिलिमीटरचे ड्रम

मी, अमृतराव मसाजी टेकाळे, वय ६३, धंदा लेथकाम, राहणार जवळा बाजार, जिल्हा हिंगोली, कोणाच्याही दाबाखाली नसताना हे लिहून ठेवतो. फुप्फुस गेले आहे, डोके शाबूत आहे.

१. राहते घर पत्नी सुभद्राबाई हिचे. तिच्या हयातीत कोणी विकू नये.

२. १९९४ साली मळणीयंत्राच्या कंपनीने मला ड्रम बनवायचे काम दिले. एका लेथच्या तीन झाल्या. गावची कामे मी सोडली. सगळा संसार त्या एका कंपनीवर आला. २००१ साली त्यांचा माणूस म्हणाला, "पाचऐवजी तीन मिलिमीटरचा पत्रा वापरा, न्हाईतर काम दुसऱ्याला." मी वापरला. असे एकेचाळीस ड्रम गेले.

३. वेल्डिंगचे मशीन अल्लाबक्ष यास द्यावे. तो माझा वेल्डर. त्याने काम खाली ठेवले. "मालक, हा पत्रा टिकणार न्हाई. ड्रम फुटून माणूस मरंल."

"नाव कंपनीचं हाय. तू काहून भितो?" मी म्हणालो. तो गेला. पुढे जिल्ह्यातल्या गोरेगावपर्यंत त्याला कुठे काम मिळू दिले नाही, तेही मीच. माफी मागत नाही, मशीन देतो.

४. २००४ साली साखरा गावच्या खळ्यावर ड्रम फुटला. सोयाबीन टाकणारा प्रभू जागीच गेला. तुकडा उचलून पाहिला, वेल्डिंग आमचेच. कंपनीने चूक प्रभूवर ढकलली, मी गप्प बसलो. त्याची बायको दीपमाला हिने विचारले, "मामा, तुमी तर मिस्त्री. काहून फुटला?" मी "नशीब" म्हणालो. दोन लेथ विकून येईल ते तिला द्यावे, आणि हे कलम तिला वाचून दाखवावे.

५. तिसरी लेथ मुलगा अंगद यास, कंपनीचे काम न घेण्याच्या अटीवर. परवा तो म्हणाला, "बाबा, पुन्हा ऑर्डर आली. पत्रा तीनचाच." अट मोडली तर लेथ भंगारात जावी.

६. एक फुटला, तेहतीस ड्रम मी शोधून कापले. सात राहिले. कुठे आहेत ते कंपनी सांगत नाही. मुलगी रागिणी हिने माझ्या मरणाची वाट न पाहता ते शोधावेत.

ठिकाण : जवळा बाजार. दिनांक : ७ ऑक्टोबर २००६.

सही : अमृतराव मसाजी टेकाळे

साक्षीदार : भीमसिंग राठोड (सही), शेषराव कऱ्हाळे (सही)

सह्या झाल्यावर जोडले : कागद वाचून शेषरावांनी विचारले, "आमचा मळणीचा हडंबा, औंदा जुना घेतलेला, त्याच कंपनीचा, दोन हजार एकचा. त्यो बी त्यातलाच?" मी होकाराची मान हलवली. त्यांच्या शेतात सकाळपासून मळणी चालू आहे, पोरगा मशीनवर आहे. शेषराव चपला न घालताच पळत गेले आहेत.