नाव ठेवणारी

९ डिसेंबर

प्रिय आत्यास,

साष्टांग नमस्कार. रागात केलाय, पण केलाय. इथे सगळे बरे आहेत. तुझी शाल आमच्याकडेच राहिली, बाबा ती पांघरून पेपर वाचतात.

फोनवर का येत नाहीस, असं तू विचारलंस. चिडून बोलले की मला धाप लागते, आणि माझी धाप म्हणजे तुझ्यासाठी पुरावा. पत्रात तरी मला पूर्ण बोलता येतं.

खेळाच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझ्या आत्यांचा फोन आला होता. शर्यतीतून नाव काढा म्हणाल्या." त्यानंतरच्या तासाला गणितातलं ओ की ठो कळलं नाही मला. अगं, डॉक्टर स्वतः म्हणालेत, आधी पंप घे, हळूहळू सुरू कर, पण धाव. जूनपासून बाईंबरोबर पळतेय मी. आधी पहिल्या वळणावरच छातीत शिट्टी वाजायची, आता मैदानाची फेरी पूर्ण होते. तुझं आपलं एकच पालुपद, "दमू नकोस, दमा वाढेल." दमणं वेगळं, दमा वेगळा. धावलं की सगळेच दमतात, बाईसुद्धा दमतात.

खरं सांगू? नुसतं दम्याचं असतं तर मी एवढी चिडले नसते. पण इथे आली होतीस तेव्हा तू बाबांना काय म्हणालीस ते मी ऐकलंय. पाणी प्यायला आले होते. "दम्याचं कारण सांगू. असलं अंग घेऊन पोरगी धावली तर चारचौघांत हसं होईल." बाबा नखं कुरतडत बसले होते.

हे अंग आलं कुठून गं? खाली मुलं खेळायची तेव्हा "तू बस माझ्यापाशी" म्हणून बसवलं कोणी? बसलीच आहे तर खा, म्हणून हातात वाटी दिली कोणी? वर 'ढमी' हे टोपणनावही तूच पाडलंस. माझं नाव तू ठेवलंस, आणि नावंही तूच ठेवलीस. "घराण्याचं नाव काढशील" म्हणायचीस ना? काढलंस तू. माझं. शर्यतीतून.

काल बाबांनी बाईंना फोन करून ते परत घालायला लावलं. तुला सांगायची त्यांची छाती नाही, म्हणून मी सांगतेय. शुक्रवारी सकाळी शर्यत आहे. मी बहुतेक शेवटची येईन. लोक हसतीलही. त्याची भीती मला तुझ्यापेक्षा जास्त वाटते.

म्हणून तू यायचंस. मैदानाच्या कडेला उभं राहून मला हाक मारायचीस. ढमी म्हणून नाही, तू ठेवलेल्या नावाने. घसा बसेपर्यंत मार. दमलीस तरी चालेल.

तुझ्यावर फार रागावलेली,
जिचं नाव तू ठेवलंस ती