वाटेच्या मापाची गाडी

मी, अर्जिया तोरेल्ली, कै. डेल्फो बान्दिनी यांची पत्नी, वय एक्याऐंशी, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार वाल्लिकोर्ता, कासेंतिनो खोरे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांबद्दल कायदा काही विचारत नाही. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट दोघांनी मला लिहू नकोस असे सांगितले, म्हणून आजच बसले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी कोणाला काही कबूल केले असेल, तर ते रागाच्या भरात किंवा वाइनच्या भरात, आणि ते रद्द समजावे.

एक. वाल्लिकोर्तातील घर, त्यामागचे परसू आणि बँकेतील सर्व बचत माझा एकुलता मुलगा मोरेनो याला. कायद्याने मुलाला निम्मे द्यावे लागते. मी निम्म्याहून बरेच जास्त देत आहे, म्हणजे बाकीच्यासाठी वकिलाकडे जायला त्याला तोंड राहणार नाही. घराचे छप्पर उत्तरेकडून गळते. हे त्याला माहीत आहे. दर नाताळात तो तिथे ठेवलेली बादली ओलांडून जेवायला बसतो.

मोरेनो मुलगा म्हणून वाईट नाही. फ्लॉरेन्सला राहतो, त्यामुळे प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक असते असे त्याला वाटते. या वसंतात तो मिलानच्या एका गृहस्थांना घेऊन आला. त्यांनी माझी गाडी सगळ्या बाजूंनी पाहिली, चाकाजवळ उकिडवे बसले, आणि उठताना त्यांचे डोळे ओले झाले होते.

"बाई, ही तर अस्सल आहे! आणि हिच्यातून तुम्ही डुकरं नेता?"

"कुत्रेही नेते."

"पाप आहे हो."

"तुम्ही काय कराल हिचं?"

"फिकट रंग देईन. आत वेताची बैठक. आणि बर्फाच्या गावाला हॉटेलसमोर उभी करीन."

"उभी?"

"म्हणजे शोभेल हो."

"मोरेनो," मी म्हटले, "यांना परतीचा रस्ता दाखव. तो रुंद आहे, यांना जमेल."

 निघताना मोरेनो म्हणाला, "आई, तुझा हट्ट आहे नुसता." आहे. पण हा हट्ट घराबरोबर धरलेला नाही, म्हणून मोरेनोला तो मिळणार नाही.

दोन. माझे तिन्ही शिकारी कुत्रे आणि डेल्फोची दुनळी बंदूक नीवेस गोरी हिला. तिच्याकडे परवाना आहे. बंदुकीची नोंद तिने वेळेत पोलीस ठाण्यात बदलून घ्यावी. लाम्पो नावाचा कुत्रा दिवाणावर झोपतो. त्याला दिवाण नसेल तर तो रात्रभर रडतो, हे तिने आधीच ऐकून ठेवावे.

तीन. तांब्याची भांडी, चाकू, चेस्टनट वाळवायच्या झोपडीतील चाळण्या, शीतपेटीतले मांस आणि तळघरातल्या बाटल्या यांची यादी मी करणार नाही. शिकारीनंतर जसे वाटे घालतो तसे या सगळ्याचे वाटे आमच्या शिकारी टोळीच्या खोलीत, मोठ्या टेबलावर घालावेत. बेकरीवाल्या ओत्ताविआने पाठ करून उभे राहावे. दुसऱ्याने वाट्यावर बोट ठेवून "हा कोणाचा?" असे विचारावे आणि तिने नाव घ्यावे. मोरेनोचेही नाव त्यात असावे. ज्याला जे येईल त्याने ते घ्यावे आणि घरी जाऊन कुरकुर करावी, तिथे नाही.

चार. आता गाडी. माझी पांडा: लहान, खोक्यासारखी चौकोनी, एकोणीसशे सत्त्याऐंशीची, लिव्हर ओढला की चारही चाकांनी चढणारी. ती मी का घेतली हे लिहिणे भाग आहे. कारण गावात याच्या दोन हकीकती आहेत आणि सेत्तिमिओची हकीकत जास्त चालते.

सेत्तिमिओ गोरी हा आमच्या रानडुकरांच्या टोळीचा म्होरक्या. हाका कुठून घालायचा, कोणी कोणत्या जागी उभे राहायचे, हे तो ठरवतो. माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा आणि गाडी आवाजाहून मोठी. चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात फोंतेरोस्साच्या हाक्यात माझा नवरा डेल्फो आपल्या जागेवर उभा असताना छातीत कळ येऊन खाली बसला. फोंतेरोस्सा म्हणजे आमच्या गावावरची ओसाड वाडी. तिकडे खेचरांची जुनी वाट जाते. सेत्तिमिओ त्याला आणायला आपली लांबरुंद जीप घेऊन निघाला. त्या वाटेवर एके ठिकाणी दोन जुनी चेस्टनटची झाडे समोरासमोर आहेत. जीप त्यांच्यात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. त्याने ती तिथेच सोडली, धावत वर गेला आणि डेल्फोला पाठीवर घेऊन उतरला. हे त्याने केले, आणि मी ते लिहून ठेवते. खाली पोचेपर्यंत डेल्फो गेला होता.

सेत्तिमिओ म्हणतो, रस्ता अरुंद होता. मी म्हणते, गाडी रुंद होती. पंचवीस वर्षे आमचा वाद एवढाच आहे.

पुढच्या वसंतात, डेल्फोचे कुत्रे विकणार नाही असे मी जाहीर केल्यावर, सेत्तिमिओच मला जुन्या गाड्यांच्या आवारात घेऊन गेला. त्याआधी मी त्या दोन झाडांमध्ये एक काठी आडवी धरून कापली होती, दोन्हीकडे तळहाताएवढी फट सोडून. ती मी बरोबर नेली.

"ही घे," सेत्तिमिओ एका लांबलचक गाडीवर थाप मारून म्हणाला. "हिला डोंगर म्हणजे घरचं अंगण."

मी काठी गाडीपुढे धरली. काठी आखूड पडली. दुसऱ्या गाडीपुढे धरली. तिथेही आखूड.

"बाई," विक्रेता म्हणाला, "गाडी घेताय की खिडकीचे पडदे?"

"वाट मोजतेय."

"वाट इथं कुठंय?"

"ही काय, माझ्या हातात."

"अर्जिया, लोक बघतायत," सेत्तिमिओ कुजबुजला. त्याची कुजबुज रस्त्यापलीकडे ऐकू जाते. "टाक ना ती काठी."

"लाज वाटत असेल तर लांब उभा राहा. ही बाई कोण, ठाऊक नाही, असं सांग."

कुंपणाशी ही पांडा उभी होती. आधी ती एका पाद्रीबाबांची होती आणि दुसऱ्या गिअरच्या वर फारशी गेलेली नव्हती. काठी दोन्हीकडून बाहेर राहिली.

"ती होय? ती सुट्या भागांसाठी ठेवलीये," विक्रेता म्हणाला.

"भाग सुटायच्या आत द्या मग."

मी मागचे दार उघडले. आमची म्हातारी कुत्री ब्रीना बरोबर होती. सेत्तिमिओच्या जीपमध्ये तिला उचलून ठेवावे लागे आणि तिला त्याचा अपमान वाटे. हिच्यात ती आपली आपण चढली, गोल फिरली आणि बसली. व्यवहार तिथेच झाला. पैसे मी नंतर दिले.

"सार्डिनचा डबा घेतलास," सेत्तिमिओ म्हणाला.

"सार्डिन तक्रार करत नाहीत," मी म्हटले.

तेव्हापासून फोंतेरोस्साला पडलेले प्रत्येक डुक्कर याच डब्यातून खाली आले आहे. टोळीच्या मोठ्या गाड्या गावाखाली धुण्याच्या हौदापाशी रांगेत उभ्या राहतात, चकचकीत, आणि त्यांचे मालक माझी वाट बघतात.

ही पांडा मी नीवेस गोरी हिला देते. नीवेस सेत्तिमिओची मुलगी आहे; गेली कित्येक वर्षे हाक्याला माझ्या कुत्र्यांबरोबर तीच जाते. मोरेनोने गाडी कोणाला दाखवू नये. तिचे छायाचित्रही पाठवू नये.

पाच. नीवेस, ही गाडीही एक दिवस संपेल. पुढची घेताना ऐक. जुनी घे, लहान घे, हलकी घे. हलकी गाडी चिखलात रुतली तर दोन म्हातारे तिला उचलू शकतात. जड गाडीला ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि ट्रॅक्टरवाला हसतो. इंजिन धुऊन पुसून ठेवणाऱ्याकडून घेऊ नकोस. खाली आडवी हो आणि पोट बघ; रंग वरून देता येतो, पोटाला कोणी देत नाही. मागच्या दाराचा उंबरा तुझ्या कमरेच्या खाली हवा. आज तुला डुक्कर छातीपर्यंत उचलता येते. सत्तरीत येणार नाही. आतली जमीन बादलीभर पाण्याने धुता आली पाहिजे. पक्कड आणि तारेने जे दुरुस्त होत नाही ते गाडीत असू नये. लिव्हर चिखलात शिरण्याआधी ओढ, शिरल्यावर नाही. आणि लोक तुला सांगतील की अशा गाड्या आता मिळत नाहीत. मिळतात. कोणाच्या तरी कोंबड्या त्यात झोपत असतात.

सहा. फोंतेरोस्साच्या वाटेवरील चेस्टनटची पट्टी, ती दोन झाडे धरून, माझ्या नावावर आहे. वाट रुंद करायचा टोळीचा अर्ज नगरपालिकेत पडून आहे. माझ्या सहीशिवाय तो हलत नाही. गेल्या महिन्यात सेत्तिमिओ पुन्हा कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला.

"कर सही. दोनच झाडं. बाकी कशाला हात लावत नाही."

"जुनी दोनच उरलीयत, म्हणूनच नाही."

"अगं, अँब्युलन्स वर जाईल. उद्या माझी वेळ आली तर?"

"तर नीवेस पांडा घेऊन येईल."

"त्या डब्यात?"

"डेल्फोला चालला असता."

 त्याच्या कॉफीत साखर होती, तरी त्याने पुन्हा घातली.

"त्याच्यावरून मला बोलतेस."

"गाडीवरून बोलतेय. तुझ्यावरून बोलायचं असतं तर इथं तुला कॉफी मिळाली नसती."

माझे म्हणणे लिहून ठेवते, म्हणजे मागून कोणी म्हातारीची लहर म्हणणार नाही. गाड्या दर काही वर्षांनी रुंद होतात. झाडे कापली की वाट गाडीएवढी होईल. मग त्याहून रुंद गाडी येईल आणि वाटेवरचा झरा आड येईल. मग वरच्या दफनभूमीची भिंत आड येईल. कुठेतरी कोणीतरी नाही म्हणायला लागते. मी या दोन झाडांपाशी म्हणते. गाडी माणूस निवडतो. वाट कोणी निवडलेली नाही, ती आधीची आहे.

ही पट्टी मी नीवेस हिला देते. अट काहीही नाही. अट घातली तर झाडे माझीच राहतील आणि मी तर नसेन. सेत्तिमिओला ती कापायची असतील तर त्याने यापुढे माझ्या दारात येऊ नये. आपल्याच घरात, जेवणाच्या टेबलावर, आपल्या मुलीकडे सही मागावी. ती काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. पण ते तिचे तिने म्हणावे.

सात. मला वर फोंतेरोस्साच्या दफनभूमीत, डेल्फोशेजारी पुरावे. खालच्या नव्या दफनभूमीत, जिथे गाड्या लावायला जागा आहे, तिथे नाही.

त्या दिवशी कागद खिशात घालून दारातून बाहेर पडता पडता सेत्तिमिओ म्हणाला, "आणि तुला वर नेणार कसं? डेल्फोला आम्ही खांद्यावर नेलं, तेव्हा आम्ही जवान होतो. आता टोळीत धड खांदा एकाचा नाही. शववाहिका त्या झाडांत अडकणार. तेव्हा तरी कापावी लागतील की नाही?" तो जिंकल्यासारखा हसला.  तो गेल्यावर मी सुताराकडून शवपेटीचे माप घेतले.

मी उंचीने लहान आहे. पांडाची मागची बैठक आणि शेजारच्या माणसाची खुर्ची काढावी. पेटी आत जाते. पायाकडचा भाग थोडा बाहेर राहतो. बाहेर राहिलेल्या सामानाला कायद्याने लागते ती लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी गॅरेजमध्ये खिळ्याला आहे. ती लावावी. अशी गाडी या कामाला चालत नाही असे पोलिसांनी म्हटले, तर ते खरे आहे. दंड माझ्या बचतीतून भरावा आणि पुढे जावे.

गाडी नीवेसने चालवावी. मोठ्या गाड्या हौदापाशी ठेवून बाकी सर्वांनी मागून चालत यावे, मोरेनोने आणि सेत्तिमिओनेही. झाडांपाशी वेग कमी करावा, थांबू नये. वर गाडी वळवायला जागा नाही. उतरताना उलटी आणावी लागेल. नीवेसला ते येते. मी शिकवले आहे.

हे सर्व मी शुद्धीवर, दिवसाउजेडी, चष्मा लावून लिहिले आहे. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असे नोटरी म्हणाले. मला हवे आहेत, आणि त्यातला एक कोण असावा हे मीच ठरवले आहे. माझे मृत्युपत्र माझ्या सहीपाशी संपते. त्याखाली जे लिहिले जाईल ते लिहिणाऱ्याचे.

वाल्लिकोर्ता, ७ ऑक्टोबर २०१९

अर्जिया तोरेल्ली

साक्षीदार:

१. ओत्ताविआ चेक्की, बेकरी, वाल्लिकोर्ता. माझ्यासमोर सही केली. पाठ करून उभी राहीन, पण नावं घेताना मला कोणी हसवू नये.

२. सेत्तिमिओ गोरी. सगळं वाचलं, दोनदा. नीवेसला गाडी उलटी घ्यायला मी शिकवलं, अर्जियानं नाही. एवढी दुरुस्ती करून सही करतो.