बाहेरचा जिना

आप्पा, माळ्याची खोली झाली एकदाची. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. मी शहाणा, दोन्ही एकाच वर्षात पाहून बसलो. थोरल्याचं लग्न वैशाखात झालं. खाली दोनच खोल्या, त्यात मी, तुझी सून आणि धाकटी दोघं. नवं जोडपं ठेवायचं कुठं? वर माळा होता, पण त्यावर जळण, फुटकी घमेली आणि उंदीर. तोच रिकामा करून फळ्या ठोकायच्या, मागची भिंत थोडी उचलायची, खिडकी काढायची असं ठरलं. ठरवायला सोपं असतं, रे. दुसरी मोठी लढाई संपली म्हणतात, पण सिमेंटला अजून परवाना लागतो, खिळे काळ्या बाजारात, आणि सुतार 'उद्या येतो' म्हणून गेला की आठ दिवस तोंड दाखवत नाही. हे सगळं तुला लिहितोय. लिहून कुठं टाकणार ते माहीत नाही, आणि तुला तर अक्षरओळखही नव्हती. पण या खोलीच्या पायी तू सारखा आठवतोस आणि घरात कुणाला सांगवत नाही.

तेव्हाही माळाच होता. मास्तरांचा. ते आपल्या उचगावच्या शाळेत होते, मग बदली होऊन बेळगावला गेले, आणि मी मराठी सातवी पास झाल्यावर त्यांनीच तुला निरोप धाडला की पोराला इंग्रजी शाळेत घाला. घालायचं खरं, पण राहायचं कुठं? रोज चालत जाऊन-येऊन शिकणं काही खरं नव्हतं. मास्तर म्हणाले, माझा माळा रिकामा करू, खोली करू, भाडं नको, लाकूड आणि मजुरी तेवढी तुमची. माझं शिक्षण त्या माळ्यावर अडकलं होतं. खोली झाली तर शाळा, नाहीतर नांगर.

त्यांच्या अंगणात आपण बसलोय. सुतार कोळशानं फरशीवर आखतोय. माळ्यावर जायला आत माजघरात शिडी होती, त्याच जागी लाकडी जिना बसवू, थोडक्यात काम होईल, असं तो सांगतोय. मास्तर मान हलवतायत. त्यांच्या बायको, काकू, आतल्या दाराआड उभ्या आहेत. माजघराला लागून त्यांचं स्वयंपाकघर, पलीकडे देवघर. आपण कुणबी, ते ब्राह्मण. त्या काळात ते कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. मास्तर मात्र मोठ्यानं म्हणाले, "मी सोवळंओवळं मानत नाही. जिना आतूनच होऊ दे." माझी छाती फुगली. आणि तू काय म्हणालास? "न्हाय मास्तर. जिना भाइरनं घ्या. मागल्या परड्यातनं." सुतार म्हणाला, अहो, लाकूड दुप्पट लागेल, खाली दगडी चौथरा लागेल, वर पावसाला छप्पर लागेल. तू म्हणालास, "लागू दे. मी देतो."

परतताना गाडीत मी तुझ्याकडं पाठ करून बसलो. हिंडलग्याच्या पुढं आल्यावर तोंड सुटलं. "मास्तर आत घ्यायला तयार हैत आणि तू भाइर म्हणतोस? आपण काय चोर हाय?" तू बैलांच्या शेपट्या चाळवल्यास. मग म्हणालास, "मास्तर देवमाणूस हाय. पर घर त्येंच्या एकट्याचं न्हाय. त्या बाईला तू येताजाता दार लावून घ्यावं लागंल. तिलाबी वाईट वाटंल, तुलाबी." आणि जरा थांबून, "आणि मी आलो की? म्होरल्या दारात हुबा ऱ्हाऊन हाक मारू? माज्या पोराला भेटाय मला कुणाला इचारायला नगं. भाइरनं जिना असला की चढलो आणि आलो तुज्याकडं." तेवढं बोलून तू बैलांना हाकललंस. मला निम्मं कळलं, पण राग गेला.

लाकूड कुठनं आलं ते आई मला शेवटपर्यंत ऐकवायची. खानापूरच्या बाजूनं तू दोन उन्हाळे किंजळीचं लाकूड जमवून आणलं होतंस, ते आईच्या चुलीसाठी. चूल मागं वेगळ्या छपरात न्यायची होती, म्हणजे घरात धूर भरणार नाही. ते सगळं लाकूड गाडीत भरताना आई उंबऱ्यावर बसून होती. "मास्तराच्या घराला जिना आणि माज्या डोळ्यांत धूर! चांगलाय न्याय," असं म्हणाली. तू म्हणालास, "फुडल्या साली तुजं छप्पर." ती म्हणाली, "फुडलं साल कुणी बघितलंय?" आप्पा, माणूस रागात काहीबाही बोलतं. नंतर या एका वाक्यासाठी तिनं स्वतःला किती दोष दिला असेल! सुताराची मजुरी तू तांदळात दिलीस, आणि त्या वर्षी आपण सणासुदीला सुद्धा जोंधळ्याच्या कण्याच खाल्ल्या. पण कण्यांवर डाळ होती आणि तू खुशीत होतास. चौथऱ्याचे दगड तूच गाडीनं आणलेस, पायऱ्यांना रंधा मारताना सुताराच्या पाठीशी बसलास, "कड मऊ कर, पोराच्या पायाला लागंल," असं त्याला सांगत राहिलास. तो वैतागला होता.

मिरगाला शाळा उघडली. मी वर राहायला गेलो. कौलांत एक काचेचं कौल बसवलं होतं, त्यातून उजेडाचा चौकोन सकाळी अंथरुणावर यायचा आणि मला मोठा साहेब झाल्यासारखं वाटायचं. तू म्हणालास, पेरण्या उरकल्या की येतो. पेरण्या उरकल्या, मग रोप लावणी आली, मग बैल पायानं अधू झाला. दर शनिवारी, बाजाराच्या दिवशी, मी शाळा सुटली की पळत यायचो. एका शनिवारी काकू पुढच्या दारात होत्या. हातात आपल्या घरचं फडकं. "तुझे वडील येऊन गेले रे. हे दिलंय." आत भाकऱ्या, लसणाची चटणी आणि आईनं केलेला तिळाचा लाडू. मी म्हटलं, वर नाही गेले? "मी म्हटलं हो, वर जाऊन बसा, येईलच तो एवढ्यात. तर म्हणाले, पाय चिखलाचे आहेत, फळ्या नव्या आहेत. आणि गेले."

मला इतका राग आला आप्पा! फळ्या तुझ्याच की! जिना तुझा, लाकूड तुझं, आणि तू चिखलाचे पाय म्हणून पुढच्या दारातनंच परत? मी भाकरी तशीच ठेवून बाजारात पळालो. गाडीअड्ड्यावर उचगावची एकही गाडी नव्हती.

त्यानंतर मानमोडीची साथ आली, ताप चढला की दोन दिवसांत माणूस जायचं. शाळा बंद पडली. चुलता मला न्यायला आला तेव्हा वाटेत काहीच बोलला नाही, त्यावरूनच कळायला हवं होतं. मी पोचलो तेव्हा तुला नेऊनही झालं होतं. गावात रोज कुणी ना कुणी जात होतं, थांबायला कुणाला सवड नव्हती. तुझं तोंड मला बघायला मिळालं नाही. हे मी कधी कुणाजवळ बोललो नाही, आज बोलतो. बघायला मिळालं नाही.

तुझे दिवस झाल्यावर मी माळ्यावर परत आलो तो सामान बांधायला. शाळा सोडायची, शेत बघायचं, ठरलंच होतं. वळकटी बांधत होतो तर जिना वाजला. वर काकू. नऊवारी सावरत, हातात ताट घेऊन, धापा टाकत. त्या जिन्यावरून मला भेटायला आलेलं पहिलं माणूस त्या. माझ्या अंथरुणाच्या कडेला बसल्या, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू शाळा सोडलीस तर त्यांनी हा जिना कशाला रे बांधला?" मग दोघंही रडलो. त्यांच्या सोवळ्याचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. शेत चुलत्यानं बटईनं केलं, मी शिकलो, मास्तरच झालो. पहिल्या पगारातून आईला चुलीचं छप्पर घालून दिलं. ती म्हणाली, "आता डोळ्यांत जायला धूर ऱ्हायलाय कुठं, डोळंच गेल्यात." तरी रोज तिथंच जाऊन बसायची.

तर या वर्षी पुन्हा तोच प्रश्न आला, जिना कुठून. तुझ्या सुनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ठाम सांगितलं की आतून. "बाहेरनं काढला की येताजाता पोराचं तोंडही दिसायचं नाही. उद्या चूलही वेगळी मांडतील." थोरला म्हणाला, "अण्णा, बाहेरून असू दे. आम्हाला जरा मोकळं. जादा खर्च माझ्या पगारातून द्या." मी त्याची बाजू घेतली, त्याचा पगार घेतला नाही, पोस्टातली सगळी शिल्लक मोडली. बायको आठवडाभर रुसली. माझ्या मनात वेगळंच होतं. तुला जे जमलं नाही ते मी करणार होतो. वाटेल तेव्हा चढणार, पोराच्या खोलीत जाऊन बसणार, चार गोष्टी बोलणार. तू गेलास त्या वयाच्या मी कधीच पुढं आलोय, पण हा हट्ट पोरासारखा धरून बसलो होतो.

परवा रविवारी दुपारी बायकोनं शेंगा उकडल्या. रुसवा गेला होता तिचा. म्हणाली, "गरम आहेत तोवर वर देऊन या." मी ताट घेऊन निघालो. निम्म्या जिन्यावर पोचलो आणि वरून आवाज आला. थोरला काहीतरी सांगत होता आणि ती पोरगी हसत होती. खाली आमच्यासमोर ती डोक्यावरचा पदर धरून हसते, तोंडातल्या तोंडात. हे हसणं मी आजवर ऐकलं नव्हतं. माझा पाय पुढं पडेना. कुणी मला जा म्हटलं नसतं, उलट उठून बसायला जागा केली असती, आणि तेच मला नको झालं. चिखलाचं तू काकूंना सांगितलंस ते मी इतकी वर्षं खरं धरून तुझ्यावर रागावत आलो, आप्पा. वर पोराचं वेगळं जग झालंय म्हणून तुझाही पाय असाच अडला असेल.

खाली आलो. बायकोनं विचारलं, "काय हो, तसंच ताट?" मी म्हटलं, झोपलेत दोघं. शेंगा आम्ही दोघांनीच खाल्ल्या. झोपले नव्हते, आप्पा. हसत होते, आणि दार उघडंच होतं.