पेनल्टीआधी मिटलेले डोळे

ओन्याती, मंगळवार, ८ फेब्रुवारी १९९४

प्रिय शुबान,

घरात फोन असताना आईने तिकिटाचे पैसे का घालवले, असं तुला वाटेल. फोन वाजला की तुझे बाबा धावतात, आणि मी बोलायला लागले तर शेजारी खुर्ची ओढून बसतात. म्हणून लिहिते आहे. सोबत लोकरीचे मोजे आणि मेंढीच्या दुधाच्या चीजचा तुकडा आहे. चीज सावलीत ठेव, त्या तुमच्या दक्षिणेत फेब्रुवारीतही ऊन लागतं म्हणे.

शुक्रवारी आगाता संतिणीच्या सणाची गाणारी मंडळी काठ्या आपटत दारी आली. मी अंडी दिली, बाबांनी बातमी दिली. "शुबान क्लबशी आणखी एका वर्षाच्या करारावर सही करतोय, चौतिसाव्या वर्षी," हे त्यांनी पायरीवर उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकवलं. खाटकीण योशेपा म्हणाली, "हल्ली तो मैदानात फिरायलाच येतो, नाही का?" बाबा म्हणाले, "फिरता फिरता गोल तरी करतो. तुझा नवरा बसल्या बसल्या काय करतो ते सांग." योशेपा हसली, पण दुसऱ्या दिवशी तिने सॉसेज देताना हाडाचा तुकडाही वजनात घातला. मी तो काढून परत ठेवायला लावला.

तुझ्या कामाबद्दल कितीतरी गोष्टी विचारायच्या राहूनच गेल्या. घरखर्चाच्या वहीत मागच्या पानापासून मी तुझे गोल लिहीत आले. शनिवारचा धरून एकशे तेरा झाले. पण गोल नसतो त्या वेळात तुझं काय चालतं? तासभर चेंडू पायाशी येत नाही आणि तू तिथे पुढे एकटा उभा असतोस. दूध तापत ठेवलं की मी चुलीजवळ जशी उभी असते, नजर पातेल्यावर आणि मन भलतीकडे, तसं तुझं होतं का? ज्याच्यावर गोल केला त्या गोलरक्षकाच्या तोंडाकडे बघवतं का? आणि एक जुनी गोष्ट. दोनोस्तियाच्या क्लबने तुला संघातून काढलं, त्या संध्याकाळी तू घरी येऊन मोरीत बूट धूत बसलास. अर्धा तास नळ चालू होता. पाणी वाया जातंय म्हणून मी ओरडले. आता वाटतं, तुला पाणी नको होतं, पाण्याचा आवाज हवा होता. तसं होतं का रे?

नाताळात तू आलास तेव्हा जिना आडवा उतरत होतास, भिंतीला हात लावून. मी विचारलं तर म्हणालास, नवे बूट चावतात. त्या वेळी तुझ्या पायात सपाता होत्या. मी ताटं मांडायला घेतली. जेवताना तू उजवा पाय टेबलाखाली लांब सोडून बसलास आणि बाबा तुला पुढच्या हंगामाबद्दल सांगत राहिले.

शनिवारचा सामना आम्ही मार्तिनच्या बारमध्ये पाहिला. फादर केल्मेनही होते. पेनल्टी मिळाली, तू चेंडू ठेवलास, मागे आलास आणि कॅमेरा तुझ्या चेहऱ्यापाशी आला. तू त्याच्याकडे सरळ पाहिलंस आणि दोन्ही डोळे मिटलेस. पापणी लवते तसं नव्हे. तीनपर्यंत मोजता येईल इतका वेळ. मग गोल झाला आणि बारमध्ये एकच कल्ला उठला. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, खेळाडूने प्रार्थना केली. फादरना इतका आनंद झाला की त्यांनी बाबांच्या पाठीत धपाटा घातला. "बघ, माझ्या हाताखालचा आहे," म्हणाले.

पण तू प्रार्थना करताना डोळे मिटत नाहीस, हे मला ठाऊक आहे. चर्चमधल्या तुझ्या पहिल्या कम्युनियनपासून तू छताकडे टक लावून प्रार्थना करतोस आणि मी तुला कोपराने ढोसत आले.

तू आठ वर्षांचा होतास तेव्हा याच टेबलावर, राजम्याचे दाणे मोजायला घेऊन, मी तुला मुस खेळायला शिकवलं. पत्त्यांच्या या एका डावात जोडीदाराला तोंडाने खुणा करायची मुभा आहे, हे ऐकून तू किती हसला होतास. खालचा ओठ चावला की दोन राजे. दोन्ही डोळे मिटले की हातात काहीच नाही. आणि खोटी खूण करायची नाही, हा नियम मी तुला तीनदा म्हणून दाखवायला लावला. तरी एकदा गंमत म्हणून तू ओठ चावलास. मी सगळे दाणे लावले आणि हरले. त्यानंतर ईस्टरआधीचा सबंध उपासकाळ मी तुझ्याशी खेळले नाही. पुढे तुझ्या बाराव्या वर्षी आपण दोघांनी चर्चची स्पर्धाही जिंकली, पण तू पुन्हा कधी खोटी खूण केली नाहीस.

म्हणून हे पत्र. शनिवारी ती खूण मला होती का, एवढंच विचारायचं आहे. डोळ्यांत धूळ गेली असेल तर तसं लिही, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. पण गुडघ्यात आता काही उरलं नसेल आणि ते बाबांना सांगायचं धैर्य होत नसेल, तर ईस्टरला त्या कागदावर सही करू नकोस. जोडीदाराचा हात रिकामा असला की डाव दुसऱ्याने सांभाळायचा असतो. बाबांशी मी बोलेन. आधी रागावतील, मग दोन दिवस गोठ्यात जाऊन बसतील, मग जेवायला येतील. तुला कॅमेऱ्यातून दिसलं नसेल, पण बारमध्ये सगळे ओरडत उठले, तेव्हा मी बसूनच होते आणि खालचा ओठ चावला होता.

तुझीच जोडीदार,
आई