काहूनचे कपाट

लिहून ठेवणार जागेश्वर नत्थूजी धकाते, वय वर्षे एकोणसत्तर, गुन्हा आणि शिक्षा या विषयाचा निवृत्त प्राध्यापक, राहणार धरमपेठ, नागपूर. आज माझी अक्कल ठिकाणावर आहे. ती रोजच असते असे नाही, हे माझी पत्नी भागीरथा हिचे मत. म्हणून तिच्या देखत, सकाळचा चहा झाल्यावर, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र करीत आहे.

१. धरमपेठेतील घर, बँकेतील शिल्लक आणि घरातले सामानसुमान भागीरथेचे. तिच्या पश्चात आमची मुलगी पुष्पलता हिचे. पलंगही भागीरथेचाच, आणि या वेळी पूर्ण, कारण लग्न झाल्यापासून त्याच्या अर्ध्या भागावर माझी पुस्तके झोपत आली आहेत. "फाशीवालं कपाट माह्या उशाजवळून हटवा ना जी," असे ती तेव्हापासून म्हणून राहिली आहे. हे मृत्युपत्र अमलात आले की कपाट हटेल. तेवढ्यासाठी तिने घाई करू नये.

२. आता खरी गोष्ट, माझा ग्रंथसंग्रह. कायदा, तुरुंग, पोलीस, जातपंचायती, गावकीचे न्याय या विषयांवर जन्मभर जमवलेली ही पुस्तके आहेत. त्यांची तीन कपाटे. पहिल्यावर चिठ्ठी आहे 'काय केलं', दुसऱ्यावर 'काय शिक्षा', आणि तिसऱ्या, सर्वांत मोठ्या कपाटावर 'काहून'. काहून म्हणजे का, कशासाठी; हा शब्द माझ्या वडिलांचा. नत्थूजी नागपुरातल्याच टिमकी या विणकरवस्तीत हातमागावर लुगडी विणत आणि समाजाच्या बैठकीत पंच म्हणून बसत. कोणी चोरी केली, कोणी मारामारी केली, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काहून केलं गा?" उत्तर पूर्ण ऐकल्याशिवाय ते दुसरे अक्षर बोलत नसत. माझ्या साऱ्या पदव्या त्या एका प्रश्नाच्या मागे धावण्यात गेल्या, आणि धावताना मोठी मजा आली.

३. एका संस्थेला हा संग्रह हवा आहे. काचेची कपाटे, किल्ली प्रमुखांकडे, दारावर माझ्या नावाची संगमरवरी पाटी. त्यांचे यादी करणारे गृहस्थ पुण्याहून आले होते. तिसरे कपाट बघून त्यांनी मला अदबीने विचारले, "हे काहून कोण? जर्मन विद्वान का?" मी हो म्हणालो. त्यांनी यादीत सगळ्या कपाटापुढे लेखक म्हणून काहून यांचे नाव घातले. भागीरथा स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाशी धरून हसली. पाटीचा मोह मला झाला नाही असे नाही. पण ज्या घरात काहून म्हणजे जर्मन माणूस, तिथे माझी पुस्तके एकही दिवस सुखाने राहणार नाहीत. सबब हा संग्रह त्या संस्थेस देऊ नये.

४. संपूर्ण संग्रह, कपाटे व चिठ्ठ्यांसह, टिमकीतील आमच्या जुन्या मागाच्या खोलीत न्यावा आणि विणकर ईश्वरदास पराते यांनी तो सांभाळावा. खोलीही त्याच कामासाठी त्यांच्याकडे राहील. पुस्तके वेगळी करू नयेत, विकू नयेत, आणि दाराला दिवसा कुलूप लावू नये.

यावर माझे वर्गमित्र, रामदासपेठेचे वकील मनोहरराव भोयर यांचे म्हणणे असे: "अबे जागेश्वर, येडा झाला का बे? ज्यानं चोरलं त्यालेच देऊन राहिला?"

होय, त्यालाच. तेरा वर्षांपूर्वी ईश्वरदास टिमकीहून कोणाचा तरी निरोप सांगायला आमच्याकडे आला होता. जाताना फाटकाशी त्याच्या सदऱ्याखालून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक खाली पडले. ओट्यावर बसलेल्या मनोहररावांनी त्याचे मनगट धरले आणि पोलिसांत चल म्हणाले. मी वडिलांच्या आवाजात विचारले, "काहून नेत होता गा?" त्याने मोकळ्या हाताने पुस्तक उचलून सदऱ्याला पुसले. मग म्हणाला, "माहा भाऊ आत हाये जी. पुस्तकावरती जेलाचा फोटो दिसला. आत कसं राहते ते पाहाचं होतं. माय रोज विचारते, तो जेवते का म्हणून."

इंग्रजी त्याला एक अक्षर येत नव्हते, आणि पुस्तक होते सातासमुद्रापलीकडच्या तुरुंगाचे. मी ते ठेवून दिले आणि आपल्याकडचे नियम काढून त्याला वाचून दाखवले: भाकरी कधी, डाळ किती, भेट कोणत्या वारी. तो मायसाठी ते घोकत घरी गेला. मनोहररावांनी मनगट केव्हा सोडले ते त्यांनाही कळले नाही. चहा मात्र तीनदा घेतला.

पुढे दर रविवारी ईश्वरदास असे नियम-कायदे वाचून घ्यायला येत गेला. आज टिमकीत कोणाला समन्स आले, कोणाचा मुलगा आत गेला, तर लोक आधी त्याच्या दारी जातात. तो विचारतो, "काहून झालं वं माय?" आणि ऐकतो. हा संग्रह कोणाचा, हे आणखी काय सांगू? माझा त्याच्यावर जीव आहे, हेही इथेच लिहून ठेवतो.

५. जुना हिशेब. ग्रामन्यायावरचे माझे एक लाल बांधणीचे पुस्तक मनोहररावांनी वाचायला म्हणून नेले, ते आजतागायत आणलेले नाही. विचारले की वाद उकरून काढतात आणि भांडून, जेवून जातात. ईश्वरदासने पुस्तक फाटकापर्यंत नेले तर पोलीस, आणि वकिलाने घरी नेऊन ठेवले तर अभ्यास! त्यांनी ते टिमकीत जमा करावे. ईश्वरदासने त्यांना सर्वांसमोर विचारावे, "काहून ठेवलं जी?" उत्तर पूर्ण ऐकावे. दुसरी शिक्षा नाही.

६. माझ्या नावाने रडारड नको. खोली उघडण्याच्या दिवशी टिमकीत सावजी रस्सा करावा, चांगला झणझणीत. ज्याला रडायचेच असेल त्याने ते रश्श्याच्या तिखटावर ढकलावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि मला पसंत पडला.

ठिकाण: नागपूर. दिनांक ११ फेब्रुवारी १९७९.
(सही) जागेश्वर नत्थूजी धकाते

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी सही केली.

साक्षीदार: (सही) डॉ. यमुताई गुल्हाने, शेजारी. अक्कल ठिकाणावर आहे.

साक्षीदार: (सही) मनोहरराव चंपतराव भोयर, वकील. कलम चारला माझी हरकत होती, ती मागे घेतो. लाल पुस्तक जागेश्वर हयात असतानाच येत्या रविवारी टिमकीत ईश्वरदासजींच्या हाती देईन. ते विचारतील त्याचे उत्तर आजच लिहून ठेवतो, सर्वांसमोर मला ते बोलता येणार नाही: परत केलं असतं तर इथं यायले मले निमित्त काय राहिलं असतं गा?