दोरीवरच्या पाच जर्स्या

कल्याण पूर्व,
मंगळवार, दुपारची वेळ

प्रिय कलावतीला केशरचा मनापासून जय भीम.

मी ठीक आहे. तू पण ठीक असशील असं धरून चालते, कारण नसलीस तरी तू सांगणार नाहीसच. गुडघा कसा आहे? लिफ्ट आहे म्हणून बरा राहतो असं तू म्हणतेस, पण मला विचारशील तर गुडघा चालून बरा राहतो, बटण दाबून नाही. सलिलला, सूनबाईला आणि नातवाला आशीर्वाद सांग. सूनबाईने दिलेली ती हिरव्या चहाची पुडी संपली म्हणून सांग. (कुंडीत टाकली. कढीपत्ता जोरात आलाय. पण हे तिला वाचून दाखवू नकोस.) बुद्धपौर्णिमेला खीर केलेली, सवयीने तुझ्या वाटणीची वाटी बाजूला काढली आणि मग वाया नको म्हणून मीच खाल्ली. दोन दिवस पोट बिघडलं. त्याचा दोष मी तुलाच देते.

तू म्हणशील, केशरने पत्र काय काढलं मध्येच. अगं, फोनवर तू बोलतेस कुठे? तू फोन स्पीकरवर टाकतेस, मागे टीव्ही, मिक्सर, आणि मी तोंड उघडलं की "ठेवते गं, तो उठला". तीन वर्षं नातू उठतोयच! समक्ष येऊन बोलावं म्हटलं तर मागच्या खेपेला काय झालं ते आठव. बसमध्ये घोडबंदर रोडला इतकी अडकले की शेजारच्या बाईने स्वेटरची एक बाही विणून पुरी केली. वर तुमच्या गेटवरचा वॉचमन विचारतो, कुठल्या घरी कामाला? मी म्हटलं, बाविसाव्या मजल्यावर, मैत्रीण बघायच्या कामाला. त्याने ते वहीत तसंच लिहून घेतलं. म्हणून हे पत्र. चौथी पास बाईचं आहे, कुठे अडलीस तर पुढे वाच, मागे जाऊ नकोस.

आता मॅचचं सांगते. (तू विचारलेलं नाहीस, पण तुला ऐकायचं असतं.) आपली चिमणी इलेव्हन यंदा फुटबॉल लीगमध्ये दहा संघांत सहावी आली. सहावी म्हणजे धड रडता येत नाही, धड ढोल वाजवता येत नाही. त्यात सात जणांची वर्षाची सही या महिनाअखेरीस संपतेय. म्हणजे सातही मोकळे, पाहिजे त्या संघात जातील. पोरं त्यांना फ्री एजंट म्हणतात. मला एजंट म्हटलं की खोल्या दाखवणाराच आठवतो, पण ते नंतर सांगते. (सांगेन की नाही ते अजून ठरलेलं नाही.)

मग काय, सातांतले कोण ठेवायचे आणि कोण सोडायचे यावर मैदानाच्या कठड्यावर रोज संध्याकाळी संसद. आपला कठडा आहे तसाच आहे. कोपऱ्यात जिथे सिमेंट उखडलंय आणि आपण गोणपाट टाकून बसायचो, तिथे साईनाथ बसायला आला. (तोच, रिक्षावाला, भाडं सोडून मॅचला येतो आणि भाडं सोडल्याचं दहा जणांना ऐकवतो.) त्याला मी उठवला. म्हणतो, "काकी, तीन वर्षं रिकामी आहे ही जागा." मी म्हटलं, तुझ्या रिक्षाची मागची सीट रिकामी असते तेव्हा मी येऊन आडवी होते का? उठला. गोणपाट मी आपल्या दोघींच्या मापाचंच टाकते, मला पाय पसरायला लागतात म्हणून. दुसरं काही नाही.

वादाचं काय सांगू. पहिला सीताराम. आपला गोलकीपर एकोणचाळिसाचा झाला. एक पार्टी म्हणते काढा त्याला, उडी मारायच्या आधी गुडघा कडकन वाजतो आणि समोरच्याला कळतं कुठल्या बाजूला उडणार. दुसरी पार्टी म्हणते, असेल, पण त्याच्यासारखा ओरडणारा कीपर अख्ख्या जिल्ह्यात नाही, अर्धे गोल तो नुसता ओरडून अडवतो. मग ट्रंक. (त्याचं खरं नाव मला अजून माहीत नाही, त्यालाही असेल असं वाटत नाही.) त्याला जागेवरून हलवायला चार माणसं लागतात हे खरं, पण बॉल एकटाच येतो आणि बाजूने निघून जातो. आणि तिसरा प्रेम. हा तू गेल्यावर आला, तुला माहीत नाही. मोबाईलच्या दुकानात कामाला आहे, केसांत एक सोनेरी पट्टा आहे, आणि कले, काय पळतो! बॉल त्याच्या पायाला मांजरासारखा घोटाळत राहतो. पण पास देत नाही. पास मागितला तर असा बघतो जसा काही आपण त्याचा टूथब्रश मागितला. ठाण्याचा एक संघ त्याला बोलावतोय अशी बातमी होती. तर अर्धे म्हणाले, काही करा पण ठेवा, आणि अर्धे म्हणाले, जाऊ दे, डोक्यात हवा गेलीय. अठरा दिवस! अठरा दिवस त्या एका पोराची चिरफाड चाललेली. मी पण मागे नव्हते. मी म्हटलं सातही ठेवा, नवीन आणले तर परत नावं पाठ कोण करणार. उत्तमराव कोच मात्र गप्प. कोणी विचारलं की तोंडात शिट्टी घालायचा. निवृत्त झाल्यापासून तो माणूस शिट्टीनेच बोलतो.

आता माझी चूक. आपली रीत तुला माहीतच आहे, ती रीत तूच पाडलेली. ज्याची सही संपत आली त्याने जर्सी उतरवून धुवायला द्यायची, आणि ज्याला ठेवायचा त्याला सहीच्या दिवशी तीच जर्सी इस्त्री करून परत मिळायची. तू गेल्यापासून धुणं एकटीच्या अंगावर आहे. आपली दोरी माझ्या खिडकीपासून बोळ ओलांडून तुझ्या खिडकीपर्यंत होती ना, ती तुझ्या भाडेकऱ्याने काढून टाकली. म्हणे घरात उजेड येत नाही. (त्याच्या घरात उजेड यायची मला गरज वाटली नाही.) तेव्हापासून माझ्याच दारापुढे निम्मी दोरी. त्यावर जर्स्या मावतात पाच. धुतल्या सात. पाच वाळत घातल्या, दोन पिळून बादलीत ठेवल्या, आणि दळण आणायला गेले.

येते तर बोळात जत्रा! साईनाथने दोरीचा फोटो काढून ग्रुपवर टाकलेला. खाली लिहिलं, कोचची यादी फुटली, हे पाच राहणार. उत्तमराव माझ्याच घरी चहा प्यायला येतो, तेव्हा केशरकाकीला आतली खबर असणार, असं सगळ्यांनी धरलं. ट्रंकच्या घरी तर पेढे वाटून झाले. मी ओरडून सांगतेय की अरे मुडद्यांनो दोरी पुरली नाही, दोरी! तर साईनाथ डोळा मारून म्हणतो, "समजलं काकी, तुम्ही काही बोलला नाहीत." बादलीत कोण राहिले असतील? एक नंबर सीताराम आणि सात नंबर प्रेम.

संध्याकाळी सीताराम आला. तुझा मानलेला भाऊ, गोल खाल्ला की आकाशाकडे बघून शिव्या देणारा तो सीताराम, माझ्या पायरीवर येऊन हळू आवाजात म्हणतो, "वहिनी, काढलं ते बरोबरच आहे. माझी जर्सी मला द्या फक्त, धुतली नसेल तरी चालेल, घरी ठेवीन." कले, दोरी पुरली नाही एवढंच सांगायचं होतं. मी त्याला तशीच ओली जर्सी हातात दिली आणि नळाचं पाणी भरायचंय असं सांगून आत गेले. पाणी सकाळीच भरून झालेलं. बाहेर आले तर तो तिथेच. घालून बसलेला, ओलीच. उत्तमराव चहाला आला, त्याने हे बघितलं, आणि शिट्टी पहिल्यांदा तोंडातून काढून खिशात घातली. म्हणाला, "कुणी काढलं तुला? जा, सर्दी होईल." सीताराम राहिला. म्हणजे आणखी एक वर्ष ते ओरडणं आहे.

दुसऱ्या दिवशी मी प्रेमची जर्सी इस्त्री करून त्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईकं बाजूला सारली आणि म्हटलं, ही घे, गैरसमज झाला, तुला कुणी काढलेला नाही. तो म्हणाला, "काकी, मी काल रात्रीच ठाण्याला सही केली." मी म्हटलं एका फोटोवरून? तर म्हणतो, "फोटो आता आला. मी अठरा दिवस कठड्याच्या मागून घरी जायचो. तुम्ही सगळे माझ्यावर बोलत होता. माझ्याशी कोणी बोललं नाही. एकाने पण म्हटलं नाही, प्रेम, थांब. तेवढं म्हटलं असतं तर थांबलो असतो." आणि मला मोबाईलचं नवीन कव्हर फुकट घातलं. मला त्याच्या एक कानाखाली मारावीशी वाटली आणि त्याला घरी जेवायला पण न्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. जर्सी परत घेऊन आले.

येताना रिक्षात (साईनाथच्याच, भाडं दिलं नाही, त्याची शिक्षा) मला तुझा टेम्पो आठवला. तू गेलीस तो दिवस. महिनाभर आपला अख्खा बोळ त्याच्यावर चर्चा करत होता, कलाबाईने जावं की न जावं. नातू होणार, जायला पाहिजे. तिथे करमणार नाही, जायला नको. मी तर दोन्ही बाजूंनी बोलले. आणि टेम्पो भरला तेव्हा तू माझ्याकडे बघत उभी होतीस, आणि मी काय बोलले? माझी निळी बादली तुझ्या सामानात गेली, ती काढ आधी. तू पाच मिनिटं सामान उपसून बादली काढून दिलीस आणि गेलीस. ती बादली गेल्या वर्षी फुटली.

असो. मला काही तुझी आठवण येत नाही, मॅच असली की माणसं असतात भरपूर. उत्तर सावकाश दे. तब्येतीची काळजी घे, बटणं कमी दाब.

तुझी
केशर

ता. क. माझा स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा तुझ्याकडे आहे. त्याच्यासाठीच एवढं पत्र लिहिलं.

ता. क. दुसरा. डब्यासाठी नाही लिहिलं. तुझा भाडेकरू शनिवारी खोली सोडून गेला. सोमवारी एक एजंट गिऱ्हाईक घेऊन आला, म्हणाला सलिलसाहेबांनी खोली विकायला काढलीय. तू मला हे सांगितलं नाहीस. तुला तरी माहीत आहे का? मी त्या गिऱ्हाइकाला एवढंच म्हटलं की भिंतीला ओल आहे, पहाटे चारला बोळात बँडवाले सराव करतात, आणि समोर एक भांडकुदळ बाई राहते. तिसरं खरं आहे हे त्यांना दोन मिनिटांत पटलं, म्हणून पहिली दोन पण पटली. सलिलने विचारलं तर सांग, मी त्या दिवशी टिटवाळ्याला गेलेले.

ता. क. तिसरा आणि शेवटचा, पोस्टात टाकायला निघाले आहे. नातू जूनपासून पूर्ण दिवसाच्या बालवाडीत जाणार असं तूच म्हणालीस. म्हणजे त्या घरची तुझी सही संपली. मला माहीत आहे, तुझ्या लेकीला, मृणालला, दिवाळीत बाळ होणार आहे आणि ती सहीचा कागद पुढे करणारच. तिच्या आधी मी करते. यावर बोळात चर्चा केलेली नाही, कुणाचं मत घेतलेलं नाही, सरळ तुलाच सांगते. ये. खोली विकू देऊ नकोस आणि ये. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, ते बादलीत राहिलं.

तुझ्या खिडकीला मी आज खुंटी परत ठोकली. (बोटावर हातोडी बसली, अक्षर म्हणून असं आहे.) दोरी पूर्वीसारखी पुरी बांधली. संघात राहिलेल्या सगळ्यांच्या जर्स्या एकदम मावल्या, आणि तुझ्या बाजूला दोन हात दोरी मोकळी राहिली. साईनाथ मोबाईल घेऊन आलाच. विचारतो, काकी, ही जागा कुणाची? मी म्हटलं, फोटो काढू नको, अजून सही व्हायचीय.