साहेब नुकसान बघायला येणार

४ मार्च, मंगळवार
पहाटे गल्लीतला मोठा पाइप फुटला. आमच्या लाँड्रीत गुडघाभर पाणी. मशीन मेलं, इस्त्रीचं टेबल फुगलं, भिंतीचे पोपडे निघाले. चिखलाचं तर बोलायलाच नको. मुलगा डोकं धरून बसलाय. सून म्हणाली, आई, नगरपालिका छोट्या दुकानांना ग्रँट देतेय. साहेब नुकसान बघायला येतील, तोवर कशालाही हात लावू नका. ग्रँट मिळाली तर नवीन मशीन, नाहीतर शटर कायमचं खाली.
ठरलं. हात लावणार नाही. मी बोलले म्हणजे बोलले.

संध्याकाळी
फक्त दारातला चिखल काढला. दार म्हणजे काही दुकान नव्हे.

५ मार्च
सून मोबाइल घेऊन फोटो काढायला आली. हाकलली. असल्या अवतारात कोणी फोटो काढतं का? आधी आवरते, मग काढ म्हटलं.

७ मार्च
आतलाही चिखल काढला. साहेब घसरून पडले तर ग्रँट राहील बाजूला, त्यांचंच औषधपाणी करत बसावं लागेल. आता मात्र काडीलाही शिवणार नाही.
शेजारचा सायकल दुरुस्तीवाला चिखलात पाय सोडून चहा पितोय. विचारलं, अरे, झाडू कधी बघितलायस का? म्हणे, आजी, साहेब येऊन जाऊ देत. आळशाला निमित्तच हवं. याला कोण देतंय ग्रँट!

८ मार्च
भिंतीला चुन्याचा एक हात मारला. भिंत पट्टेरी दिसायला लागली, म्हणून दुसरा. सुतार गल्लीतून चाललाच होता, टेबलावर रंधा मारून घेतला. मी काही त्याला बोलवायला गेले नव्हते. हाक मारली एवढंच.

१० मार्च
मशीन भंगारवाल्याला दिलं. दारात मढं ठेवून पाहुण्याला या म्हणतात का? मुलगा तोंड उघडून नुसता उभा. शब्द फुटेना. अगदी बापावर गेलाय. मोकळ्या जागेत कुंडी ठेवली. मग फोटो काढू दिले.
सून म्हणाली, आता साहेबांना दाखवणार काय? दाखवायचं कशाला? तोंड आहे ना मला!

१२ मार्च, दुपारी
साहेब आले. फरशी बघून चपला आपणहून बाहेर काढल्या! मी पाणी कुठवर आलं होतं ते सांगितलं. ते भिंतीकडे बघतात, कुंडीकडे बघतात. म्हणाले, आजी, इतकं टापटीप दुकान अख्ख्या वॉर्डात नाही. फोटो मागितले. सुनेने दाखवले. मी, पांढरी भिंत, कुंडी. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.
काम झालं. सून आत भांडी आपटतेय. हिची आनंदाची तऱ्हाच वेगळी.

१४ मार्च
नगरपालिकेत ग्रँटची यादी लागली. आमच्या नावापुढे लिहिलंय, नुकसान आढळले नाही. सायकलवाल्याला पूर्ण ग्रँट.
संध्याकाळी तोच दारात. आजी, दुकान साफ करायचंय, मला काही जमत नाही. तुम्ही कराल का? रोजाने पैसे देईन. मी नाही म्हणायच्या आत मुलगा हो म्हणाला. नेमका आजच शब्द फुटला. म्हणे मशीन हप्त्याने घेऊ, पहिला हप्ता तुझ्या झाडूतून निघेल. तोवर कपडे हाताने धुवायचे.
उद्यापासून जातेय. गरज म्हणून नाही. त्याला झाडू धरता येत नाही, म्हणून.
सून म्हणाली, आई, हात लावायच्या आधी त्याला विचारा, आणखी कुठला साहेब यायचा राहिला नाही ना?
तिचं ऐकून मी कशाला विचारू?
सहज विचारून आले. कोणी राहिलेलं नाही.